अनारशाची तक्रार

"ही बदनामीच आहे. तक्रार लिहून घ्या," शेवंताबाई चौकीतल्या हवालदार बाईंना म्हणाल्या. शेजारी त्यांच्या विहीण हौसाबाई तोंड फुगवून बसल्या होत्या. उद्या शेवंताबाईंच्या लेकीचं डोहाळजेवण होतं, तेही हौसाबाईंच्याच घरी. तक्रार नोंदली गेली, तर शेवंताबाई त्या घराची पायरी चढणार नव्हत्या.

हौसाबाईंनी दोन्ही घरांच्या ग्रुपवर लिहिलं होतं, 'विहीणबाईंच्या अनारशाने माझी दाढ पाडली.'

"लग्नात याहून वाईट बोलले होते. तेव्हा हसलात की," हौसाबाई पुटपुटल्या.

"तेव्हा तुमचं तोंड दिसत होतं."

हवालदार बाईंनी भावपट्टी पुढे केली. लिहिताना माणसाच्या मनात जे असे, ते फोन टिपून ठेवत असे. ते या पट्टीतून स्वतः अनुभवल्याशिवाय बदनामीची तक्रार करता येत नसे.

शेवंताबाईंनी पट्टी मनगटावर बांधून मजकूर पुन्हा वाचला. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट. हसता हसता त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि आपलाच अनारसा खावासा वाटू लागला.

"अहो, तुम्हाला आवडला होता!"

"म्हणून तर दाढ हलत असतानाही खात राहिले."

"मग काय लिहू?" हवालदार बाईंनी विचारलं.

"बदनामीचं राहू द्या," शेवंताबाई डोळे पुसत म्हणाल्या. "यांनी माझा डबा रिकामा परत पाठवला, ते लिहा."

"उद्या या," हौसाबाई म्हणाल्या, "भरून देते."