नवी साखळी

बेल वाजली, आतून पावलं आली, कडी निघाली आणि दार चार बोटं उघडून अडकलं. फटीतून आईचा एक डोळा दिसला.

"कोण आहे?"

"आई, मी."

"मी म्हणजे कोण? ओळखपत्र दाखवा."

फौजदार बाईंनी मुकाट्याने खिशातून ओळखपत्र काढून फटीपुढे धरलं. कितीतरी दिवसांनी त्यांना हसू आलं. त्या आईच्या कानीकपाळी ओरडत होत्या, की बाई गं, एकटी राहतेस, दाराला साखळी लाव, ऊठसूट कुणालाही दार उघडू नकोस. आणि आई म्हणायची, मला म्हातारीला कोण मारायला बसलंय.

मारायला बसलेला होता, हीच तर पंचाईत. एकट्या राहणाऱ्या तीन बायका एकामागून एक गेल्या होत्या. गळा आवळण्याची रीत एकच, म्हणजे माणूसही एकच. तपास फौजदार बाईंकडे होता. कुठे कुलूप फोडलेलं नाही, खिडकी उचकटलेली नाही. तिघींनीही आपल्या हाताने दार उघडलं होतं. बरं, त्या काही वेंधळ्या नव्हत्या. तिघींच्याही दाराला नवीकोरी साखळी होती. इतक्या सावध बायका दार उघडतात तरी कुणाला? घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. साहेब रोज विचारायचे, पेपरवाले विचारायचे, आणि बाई रात्रभर छताकडे बघत स्वतःला विचारायच्या.

साखळी निघाली. "ये, ठमे," आई म्हणाली. बाहेर फौजदार असल्या तरी या घरात त्या ठमीच होत्या. आई परत शिलाई मशीनवर जाऊन बसली. सुईखाली कुणाचातरी पडदा होता.

"झाले की नाही पास?"

"पैकीच्या पैकी."

"मग? तू नुसती खेकसतेस. तो बघ कसा, नीट समजावून सांगतो."

"तो कोण?"

"तुमच्यातलाच की. काल नाही का पाठवलास तू?"

बाईंनी कुणालाही पाठवलं नव्हतं.

"काय म्हणाला?" त्यांनी आवाज होता तसाच ठेवला.

"आधी रागावलाच मला. मी दार सताड उघडलं ना. म्हणाला, मावशी, मी पोलीस आहे कशावरून? मी तोच असतो तर? अशी शरम वाटली मला, काय सांगू. मग पिशवीतून साखळी काढली, पेचकस काढला आणि स्वतः बसवून दिली. चहासुद्धा घेतला नाही. गुणी आहे बाई. लग्न झालंय का गं त्याचं?"

बाईंनी वळून दाराकडे पाहिलं. साखळी अजून हलत होती. अशा तीन साखळ्या त्यांनी हातमोजे घालून, अगदी जवळून पाहिल्या होत्या आणि दर वेळी मनात आलं होतं, बिचारीने भीतीने लावून घेतली. ज्याने येऊन सावध केलं, त्याच्यापासूनच सावध राहावं, हे त्या तिघींना सुचलं नाही. आईला सुचलं नाही. आणि आईला आधीपासून घाबरवून कुणी ठेवलं होतं?

"आई, ऊठ. चल माझ्याबरोबर."

"आत्ता? वेडी आहेस का, एवढी शिवण राहिलीय. आणि तो यायचाय आज. परीक्षा घ्यायला. बघतो म्हणाला, शिकवलेलं लक्षात राहतं का."

बाईंनी फोन काढून ठाण्याला लावला. पलीकडे रिंग वाजायला लागली, तेवढ्यात दाराचीही बेल वाजली.

आई टुणकन उठली. बाईंनी तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि तोंडावर बोट ठेवलं. ओरडावं, तर तो पळणार आणि उद्या आणखी कुणाच्यातरी दाराला साखळी बसवून देणार. गप्प राहावं, तर मध्ये हे एवढंसं लाकूड आणि मागे आई. फोनमधून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं. बाईंनी फोन छातीशी दाबून धरला, पुढे झाल्या आणि दाराला खांदा लावून उभ्या राहिल्या.

आईचा समज भलताच झाला. "मला येतं सगळं," ती कुजबुजली. "तू मध्ये बोलू नकोस." मग पदर सारखा करून तिने लेकीच्या डोक्यावरून आवाज दिला.

"कोण आहे? ओळखपत्र दाखवा. त्याशिवाय दार उघडणार नाही."

बाहेर कुणीतरी हसलं. हुशार पोरीचं उत्तर ऐकून मास्तर हसतात, तसं.

"शाब्बास, मावशी. आता उघडा."