भट्टीतला भात

"ज्याने डोंगरातला भट्टीचा भात खाल्ला नाही, त्याने पोर्तुगाल पाहिलाच नाही," मोरेश्वर काकांनी जाहीर केलं.

काका पोर्तुगालला कधी गेले नव्हते. भातही डॉक्टरांनी बंद केला होता.

समोर सोफ्यावर सिद्धेश आणि आश्लेषा बसले होते. ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलं होतं, त्यामुळे परत येताना विमानतळावर कोण काय विचारेल या धास्तीशिवायची ही त्यांची पहिली ट्रिप. डोरो नदीचं खोरं, द्राक्षमळे आणि तिथलं अस्सल जेवण. सुट्टी जेमतेम मिळाली होती. एकही जेवण वाया जाऊ द्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं.

अमेरिकेतल्या या मॉरिसव्हिलमध्ये, कुठे जाऊन काय खायचं असा प्रश्न पडला की मराठी लोक काकांकडे येत. जिथे काका गेलेले नसत, तिथलं त्यांना जास्त ठाऊक असे.

दिवाणखान्याच्या भिंतीवर फोटो होते. मुलगा देवांग रांगण्यापासून दातांचा दवाखाना काढेपर्यंत. मुलगी रुही पदवीच्या काळ्या टोपीपर्यंत. पुढे लग्नावरून काहीतरी बिनसलं, आणि काकांनी तिचं नाव घरातून बंद केलं. नवीन आलेल्याला हे पहिल्याच आठवड्यात कळायचं, इंडियन ग्रोसरीच्या पत्त्याबरोबर.

"शनिवारचं लंच आम्ही नदीकाठी बुक केलंय," आश्लेषा म्हणाली. "टेरेसवर. रेटिंग भारी आहे, काका."

"रेटिंग देतं कोण? क्रूझवरून उतरलेली मंडळी. त्यांना पुन्हा बोट गाठायची असते. मग त्यांना मासा वाढतात आणि नदी दाखवतात. पुण्यात पाहुणा आला तर तुम्ही त्याला कुठे नेता?"

"मॉलमध्ये," सिद्धेश म्हणाला.

"मग? ते लोकही तेच करतात." काकांनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "तुम्ही नदी सोडायची. वर जायचं. रस्ता संपतो तिथे चर्च आणि चर्चच्या मागे हिरवं दार. पाटी नाही, मेनू नाही. आदल्या दिवशी फोन करायचा, मग लाकडाच्या भट्टीत करडू चढतं. त्याच्या खाली मातीच्या परातीत भात. वरचा रस भातात टपटप पडत राहतो."

"वॉव," सिद्धेश म्हणाला.

"त्याआधी बटाट्याचं सूप आणि पाव. बटाटा आणि पाव हे दोन्ही शब्द आपण त्यांच्याकडूनच उचललेत, तेव्हा मागायला अडचण नाही."

शैलजा काकूंनी चहा आणून ठेवला. "ह्यांना घरातली साखर कुठे असते ते विचारा," एवढं बोलून त्या आत गेल्या.

आश्लेषा नकाशा बघत होती. "ही सगळी वळणंच आहेत, काका. मला गाडी लागते. तीन वाजता वायनरीची टूर आहे. आणि तिथलं जेवण नाही आवडलं तर? दुसरं काहीच नाहीये वर."

"आवडेल. मागच्या हिवाळ्यात भातात मीठ जास्त पडायचं. आता हात बसलाय. मध्यंतरी काही दिवस बंद होतं, भट्टीपाशी हात भाजला म्हणून."

"कुणाचा?"

"स्वयंपाक करणारीचा. लोक लिहितात ना." काकांनी चष्मा काढून पुसला. "बरा आहे आता."

"काका, खरं सांगा, कमिशन किती मिळतं तुम्हाला?"

सिद्धेश हसला. काकाही हसले, पण जरा उशिरा.

"सॉरी काका," आश्लेषा म्हणाली, "टेरेसच ठेवतो आम्ही. आजनंतर कॅन्सल केलं तर पैसे कापतील, म्हणून आजच ठरवायचं होतं, आणि मला रिस्क नको. इतक्या वर्षांनी जातोय यार आम्ही."

सिद्धेशला वाटलं, आता तासभर ऐकावं लागणार. मंडळाच्या सभेत श्रीखंड विकतचं की घरचं यावर काकांनी एकदा अध्यक्षांना राजीनामा द्यायला लावला होता. पण काकांनी लॅपटॉप हळूच मिटला आणि ते त्याच्यावर हात ठेवून बसले.

"तुमची ट्रिप आहे," ते म्हणाले. "पण एवढं ऐकलंत माझं, तर बरं होईल."

आश्लेषाने चहा संपवला. काका सल्ले देत, ताकीद देत, प्रसंगी शापही देत. विनंती करताना त्यांना मॉरिसव्हिलमध्ये कुणी ऐकलं नव्हतं.

"कॅन्सल कर ते टेरेस," ती सिद्धेशला म्हणाली. "आणि आल्याच्या वड्या घेऊ आपण गाडीत."

निघताना आश्लेषा गाडीकडे गेली. सिद्धेश बूट घालायला वाकला, तसे काका त्याच्या जवळ आले.

"फोटो पाठवशील ना?"

"हो काका. भाताचा मस्त क्लोज-अप काढतो."

"भाताचा नको." काकांनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं. "वाढायला येईल ना, तिचा काढ. चेहरा नीट दिसू दे. आणि माझं नाव काढायचं नाही."

सिद्धेशने वर पाहिलं. काकांच्या खांद्यामागे काळ्या टोपीतली मुलगी हसत होती. तो पुन्हा नाडीकडे वळला.

"ओके, काका."

गाडी सुरू झाली, तेवढ्यात शैलजा काकू शंकरपाळ्यांचा डबा घेऊन ड्राइव्हवेवर आल्या. घराचं दार त्यांनी मागे ओढून घेतलं होतं. त्या खिडकीशी वाकल्या.

"वरच्या गावाला जाताय ना? आत ऐकू येत होतं मला."

"हो काकू."

"मग आमच्या रुहीला एक निरोप द्याल? म्हणावं, दर रविवारी दुपारचा फोन करतेस तो सकाळी करत जा. दुपारी बाबा हल्ली झोपत नाहीत, दार लावून तुझ्याच हॉटेलचे रिव्ह्यू वाचत बसतात, आणि मला तुझ्याशी गराजमध्ये जाऊन बोलावं लागतं. तिथे फार उकडतं."