शेवटचा आकडा

गेम पार्लरमध्ये दादाचं ब्रीद एकच होतं: एका नाण्यात अख्खा खेळ. खेळात मेल्यावर नवं नाणं टाकून तिथूनच पुढे जाणं म्हणजे त्याच्या लेखी उष्ट्या ताटात जेवणं. यंत्रही चुगलखोर; असं नाणं पडलं, की गुणसंख्येतल्या शेवटच्या शून्याचा एक होई.

आज खेळ पार झाला. त्याचं एकही विमान पडलं नव्हतं. आनंद मात्र कुठे जाणवेना.

आणि शेवटचा आकडा एक होता.

“तायडे, यंत्राला वेड लागलंय!”

“रागावू नकोस, दादा. मीच टाकलं नाणं,” शेजारून बहीण म्हणाली.

“कशाला? मी कुठे मेलो होतो?”

त्याने खाली पाहिलं. तिची बोटं अजूनही त्याच्या मनगटावर नाडी शोधत होती.