उगवत्या सूर्याचं फाटक

"पॅरिसची आर्ट डेको शैली नव्वद वर्षांपूर्वी दादरला पोचली आणि इथल्या लोहारांनी या फाटकावर उगवता सूर्य घडवला," जुना फोटो दाखवत बाई विद्यार्थ्यांना सांगत होत्या. "काका, कुठे गेलं ते?"

सोसायटीचे सेक्रेटरी कारखानीस नव्या स्टीलच्या फाटकाशी उभे होते. जुनं त्यांनीच हट्टानं भंगारात घातलं होतं. एवढ्या पोरांसमोर सांगणार कसं? "चोरीला गेलं हो," ते बोलून गेले.

"वॉचमन असताना?"

सगळ्यांच्या नजरा म्हाताऱ्या रावजींकडे वळल्या. "साहेब, राहू द्या ना, अजून शंभर वर्षं टिकेल," असं त्या दिवशी एकटे रावजीच म्हणाले होते.

रावजींनी टोपी काढली. "माझाच डोळा लागला होता, बाई."

मग त्यांनी कारखानीसांसाठी नेहमीसारखं फाटक उघडून धरलं. कारखानीसांचं पाऊल उचलेना.