'तेर्ने'चं बीकन

तूरिडचे पाय आज जमिनीवर नव्हते. चार वर्षं खपून स्वतः बांधलेली बोट शनिवारी पाण्यात उतरणार होती, आणि तिच्यातून तूरिड एकटीच समुद्र ओलांडून शेटलंड बेटांकडे निघणार होती. ओड्वारच्या बोटसामानाच्या दुकानात लाल लाइफजॅकेट अंगावर चढवून तिनं सगळ्यांत भारी बीकन निवडलं. पिन ओढली की ते बोटीचा ठावठिकाणा थेट बचाव केंद्राला कळवतं.

बीकनची नोंदणी करताना तिनं बोटीचं नाव पहिल्यांदाच लिहिलं: तेर्ने. बोट पाण्यात उतरेपर्यंत नाव सांगायचं नसतं, म्हणून तिनं ते कुणालाच कळू दिलं नव्हतं.

आणीबाणीत कुणाला फोन करायचा, त्या रकान्यात घाईघाईत तिनं स्वतःचाच नंबर टाकला.

"काय गं, बुडताबुडता फोन उचलणार आहेस होय?" ओड्वार खो खो हसला. तीही हसली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"बचाव केंद्रातून बोलतोय. भर समुद्रातून 'तेर्ने'चा संदेश आलाय."

तूरिडनं हातातल्या बीकनकडे पाहिलं. पिनेचं सील शाबूत होतं.

"काहीतरी चूक होतेय. माझी बोट अजून शेडमध्येच आहे."

"घाबरू नका. बोटीवरच्या बाईंशी रेडिओवर बोलणं झालंय. त्याच म्हणाल्या, तिला फोन लावा, ती अजून ओड्वारच्या दुकानात हसत उभी असेल."