आदल्या रात्रीची खोली

"हेही नको," बायको म्हणाली आणि कप्तानाने चष्मा काढून टेबलावर आपटला.

कप्तान हे त्याचं नाव नव्हे आणि हुद्दाही नव्हे. सगळी नोकरी त्याने मालवाहू जहाजांच्या पोटात, इंजिनाच्या धडधडाटात फिटर म्हणून काढली होती. जहाज जिथून चालवतात त्या खोलीत त्याने कधी पाऊलही टाकलं नव्हतं. पण गल्लीने एकदा नाव ठेवलं ते चिकटलंच. आता निवृत्तीनंतर लेकीने दोघांना क्रूझची तिकिटं काढून दिली होती. जहाजावर तो पहिल्यांदाच पाहुणा म्हणून चढणार होता आणि पहिल्यांदाच बायको त्याच्याबरोबर असणार होती. दुपारी जहाजावर चढायचं होतं. बंदराचं शहर गाडीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. म्हणजे आदल्या दिवशीच जाऊन एक रात्र हॉटेलात काढायची, हे शहाण्या माणसाला वेगळं सांगायला नको.

बायकोला मात्र ते पटता पटत नव्हतं.

सकाळपासून लेक कॉम्प्युटरवर एकामागून एक हॉटेलं दाखवत होती. पहिलं बंदराला अगदी खेटून होतं. खिडकीतून उभी असलेली जहाजं दिसत. कप्तान खूश झाला. "नको," बायको म्हणाली, "रात्रभर भोंगे वाजतील." बरं. लेकीने दोन रस्ते आतलं शोधलं. तिथल्या गाद्या फार मऊ दिसत होत्या. पुढच्या हॉटेलला लिफ्ट होती, सकाळचा नाश्ता फुकट होता, थेट बंदरापर्यंत सोडायला गाडी होती. तिथले पडदे बायकोला उदास वाटले.

"पडदे?" कप्तानाचा आवाज चढला. "अगं, एका रात्रीचा प्रश्न आहे! ते पडदे आपल्याला घरी आणून लावायचेत का?"

बायको त्याच्या शर्टांच्या घड्या घालत पलंगाच्या कडेला बसली होती. तिने मानही वर केली नाही.

लेकीने मग शहराच्या पार दुसऱ्या टोकाचं हॉटेल काढलं. तिथे ना भोंगे, ना जहाजं. बागेकडे तोंड केलेली खोली. तेही नको. का, तर काही नाही, नकोच.

"आई, तुला नक्की हवंय तरी काय?" आता लेकीचाही धीर सुटला.

"उतरल्यावर राहू की," बायको म्हणाली. "परत आल्यावर दोन रात्री राहू हवं तर. त्यासाठी कुठलंही घे. ते पहिलंच घे."

"ते भोंगेवालं?"

"हो. चालेल ते."

कप्तानाने कपाळाला हात लावला. परत येताना भोंगे चालतात, मऊ गाद्या चालतात, फक्त जाताना चालत नाहीत! हिला झालंय तरी काय? तो उठून खोलीत येरझाऱ्या घालू लागला. "उतरल्यावर काय चाटायचंय हॉटेल? जहाज कुणासाठी थांबत नसतं. गाडी उशिरा पोचली की संपलं, हात हलवत परत या. एवढी वर्षं नोकरी केली, एक जहाज चुकवलं नाही मी. ही पोर तापाने फणफणली होती तेव्हाही नाही. तुझे वडील गेले तेव्हाही नाही. आणि आता म्हातारपणी, पडद्यांपायी चुकवू?"

बायको घड्या घालत राहिली. तो आणखीच चिडला.

"आणि हॉटेलाची एवढी हौस होती ती कुणाला? तुलाच ना? कंपनी आदल्या रात्री बंदराजवळ खोली द्यायची, तर दर वेळी हट्टाने सोडायला यायचीस. तेव्हा बरे पडदे पाहिले नाहीस!"

बायकोचे हात थांबले.

"यायचे," ती म्हणाली. "तुम्ही जेवून आडवे व्हायचात आणि लगेच घोरायला लागायचात. मी खुर्चीत बसून राहायचे. डोळा लागला तर सकाळ लवकर होईल, असं वाटायचं."

कप्तान होता तिथेच उभा राहिला. सकाळी त्याला जाग यायची तेव्हा ती वेणीफणी करून तयार असायची. बायकोला लवकर उठायची सवयच आहे, असं तो इतकी वर्षं समजत आला होता. घरी मात्र तिला हाका मारमारून उठवावं लागतं, हे त्याला आत्ता आठवलं.

"पण या वेळी तूही चढणार आहेस ना," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता.

"ठाऊक आहे मला. तिकीट दाखवलंय हिने." तिने हातातला शर्ट मांडीवर पसरला आणि पुन्हा घडी घालायला घेतली. "तरी सकाळपासून एकेक खोली बघतेय आणि प्रत्येक खोलीत मला तुमची भरलेली बॅगच दिसतेय, दाराशी ठेवलेली."

लेक वळून आईकडे बघत राहिली. सोडायला गेलेली आई संध्याकाळी परत यायची, आल्या आल्या झोपून जायची, इतकंच तिला माहीत होतं.

कप्तान बायकोच्या शेजारी येऊन बसला. टेबलावरचा चष्मा उचलून त्याने शर्टाच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि कॉम्प्युटरकडे वाकून बघितलं.

"त्याच दिवशी सकाळी निघणारी गाडी आहे का गं?"

"आहे बाबा. पहाटेची. पण अगदी ऐन वेळेला पोचते. जरा जरी रखडली तरी..."

"तीच काढ. आणि ते भोंगेवालं हॉटेल परत आल्यावरचं, दोन रात्री."

आता घाबरली ती बायको. "अहो, असं काय करताय? आणि जहाज चुकलं तर?"

"चुकू दे," कप्तान म्हणाला. "एखादं तरी चुकवायला हवं होतं मी."