जजसाहेबांचं आख्यान

“तेवढा खटला गाळा, काका,” परीक्षित म्हणाला. “बाकी आख्यान फर्स्ट क्लास आहे.”

त्र्यंबकबुवा आरशात बघून पागोटं सारखं करत होते. लेकीकडे परदेशात, ट्रॉयला ते उन्हाळ्यापुरते आले होते आणि तिथल्या मराठी मंडळाला घरबसल्या कीर्तनकार मिळाला होता. कार्यक्रमांना जागा मात्र नव्हती. आजवर मिळायचं ते शाळेचं कॅफेटेरिया यंदापासून बंद झालं होतं. राहता राहिला हा जुना हॉल. तो मिसेस हॅन्सनच्या ताब्यात होता.

हॉल बांधला जज व्हिटकर यांनी आणि जाताना केला तिच्या नावावर. दर वर्षी जजच्या स्मृतिदिनी इथे कुणीतरी त्यांच्याबद्दल बोलायचं, ही तिची रीत. मंडळाचा अध्यक्ष म्हणून परीक्षित हॉल मागायला गेला, तेव्हा ती म्हणाली होती, “या वर्षी तुमच्यातलं कुणी बोला. ऐकते, मग ठरवते.”

म्हणून बुवांनी जजसाहेबांचंच आख्यान लावलं. त्यांची लेक पद्मजा लायब्ररीत बसून जुनी वर्तमानपत्रं वाचून आली. व्हिटकर आधी वकील. गरिबांचे खटले फुकट लढायचे. मग राज्याच्या राजधानीत, लॅन्सिंगला आमदार. कारखान्यातल्या पोरांची रात्रपाळी बंद करणारा कायदा त्यांनी भांडून करून घेतला. मग जज.

आणि मग १९२४ सालचा तो खटला. एमस प्रुइट नावाच्या शेतमजुराला मालकाचं कोठार जाळल्याबद्दल जजनी तुरुंगात धाडलं. सहा वर्षांनी खरा आग लावणारा सापडला. प्रुइट निर्दोष होता.

“म्हातारी जजची नात असणार,” परीक्षित म्हणाला. “आजोबांची चूक तिच्याच हॉलमध्ये गायची? हॉल गेला म्हणून समजा.”

“अरे, चूक काढून टाकली की उरतो तो पुतळा,” बुवा म्हणाले. “पुतळ्याचं कीर्तन करतात होय?”

“मग तेवढं मराठीतच राहू दे. पद्मजा ट्रान्सलेट करणार नाही. काय गं? प्लीज, यार.”

पद्मजानं वडिलांकडे बघायचं टाळलं. “ओके,” ती म्हणाली.

बाहेर हॉलमध्ये मिसेस हॅन्सन फडकं घेऊन भिंतीपाशी उभी होती. पंच्याऐंशीची, पण पाठ ताठ. भिंतीवर जजचं भलंमोठं तैलचित्र आणि त्याच्या खाली, कडेला, गवती टोपी घातलेल्या एका माणसाचा लहानसा फोटो. तिनं आधी लहान फोटो पुसला, मग स्टुलावर चढून मोठं चित्र.

“हॉलचा पहिला वॉचमन असेल,” परीक्षित पुटपुटला.

“जज दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे,” ती पद्मजाला सांगत होती. “दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. मला भूमिती त्यांनीच शिकवली.”

परीक्षितनं भुवया उडवल्या. बघ, नात!

पूर्वरंग झाला. मध्यंतरात बुवांना बुक्का लावला, हार घातला. “भाषण संपायच्या आधीच हार?” मिसेस हॅन्सननं विचारलं.

“तो बाबांचा नाही,” पद्मजा म्हणाली. “ज्या जागी उभं राहून खरं सांगायचं, त्या जागेचा.”

उत्तररंगात वकील आला, आमदार आला. पद्मजा म्हातारीच्या कानाशी एकेक सांगत होती. मग बुवांनी चिपळ्या थांबवल्या आणि नुसत्या गळ्यावर, हळूच उचललं :

“दुजा बांधिला अपराधी म्हणुनी ।
आपण बांधला गेला मनी ॥”

पद्मजा गप्प झाली. बुवा गात राहिले आणि गाण्यात एक नाव दोनदा आलं. नावाचं काही भाषांतर होत नाही.

“एमस प्रुइट म्हणाले ते,” मिसेस हॅन्सन म्हणाली. “तू का थांबलीस?”

झांज धरून उभा असलेला परीक्षित मान हलवत होता. नको, नको.

“जज... चुकले होते, मिसेस हॅन्सन.”

“हं. पुढे?”

मग पद्मजानं सगळं सांगितलं. निर्दोष माणूस कसा आत गेला. खरं कळलं त्या दिवशी जज स्वतः गाडी घेऊन तुरुंगाच्या दारात हॅट काढून कसे उभे राहिले. ‘याला मी आत पाठवलं, घरी न्यायला दुसऱ्या कुणाला कसं पाठवू?’ असं ते कसं म्हणाले. ओवीचा अर्थही सांगितला. म्हातारीनं डोळे मिटले ते आरतीपर्यंत उघडले नाहीत.

आरती झाल्यावर परीक्षित धावत आला. “सॉरी, मॅम. तुमच्या फॅमिलीला हर्ट करायचं...”

तिनं पर्समधून किल्ली काढली आणि पद्मजाच्या हातावर ठेवली.

बुवांनी गळ्यातला हार उतरवून तिच्या ओंजळीत दिला. “ज्यांचं आख्यान झालं, त्यांना वाहा, आजी.” पद्मजानं ते इंग्रजीत सांगितलं.

मिसेस हॅन्सन भिंतीकडे निघाली. परीक्षितनं लगबगीनं स्टूल पुढे केलं. तिनं ते बाजूला सारलं, वाकली, आणि हार गवती टोपीवाल्याच्या फोटोला घातला.

“डॅडी,” ती म्हणाली, “आज या हॉलमध्ये तुमचं नाव घेतलं त्यांनी.”